दारावरचं पांढरं फडकं

"हाफ्लिदीचं फडकं कुठंय?" अंगणात उभ्या आमच्या गाडीच्या खिडकीशी वाकून स्टेनथोरने विचारलं. घरं रिकामी झाली का हे बघायचं काम त्याच्याकडे असतं.

"माझ्या पर्समध्ये," आई म्हणाली. "आज नाही लावणार."

मी इंजिन बंद केलं. खालच्या रस्त्याने गावातल्या गाड्या टेकडीवरच्या चर्चकडे निघाल्या होत्या. उद्रेकानंतर गाव रिकामं करण्याचा हा पहिलाच सराव.

हिमनदीखालच्या ज्वालामुखीला आमच्याकडे नुसतं 'ती' म्हणतात. ती जागी झाली की बर्फ वितळतो आणि पूर येतो. म्हणून घर सोडताना दाराला पांढरं फडकं बांधायचं, म्हणजे आत कोणी नाही. मागून पाहणी करत येणारा माणूस ते बघून पुढच्या घराकडे वळतो. हे सगळ्यांना माझ्या बाबांनी, हाफ्लिदींनी, शिकवलं. "आधी फडकं, मग बूट," ते म्हणायचे. आई चिडवायची, "एक दिवस अनवाणी जाशील."

गेल्या शरदात त्यांनी तसंच केलं. मी तेव्हा शहरात होते. फडकं बांधून त्यांनी आईला शेजाऱ्यांच्या गाडीत बसवलं, "आलोच मागून" म्हणाले, आणि मेंढ्या सोडायला जीप घेऊन खालच्या गोठ्याकडे गेले. राखेने भरदुपारी अंधारलं होतं. स्टेनथोर आला, त्याने फडकं पाहिलं, पुढे गेला. पूर घराच्या पायऱ्यांपाशी थांबला. गोठा उरला नाही.

"गुद्नी, नियम आहे गं," स्टेनथोर म्हणाला.

"माहितीये. माझ्याच नवऱ्याचा आहे. फडकं नसेल तर काय करायचं, तेही सांगायचा तो. ऐकायचास, की नुसती कॉफी ढोसायचास?"

"आत जाऊन बघायचं," तो पुटपुटला.

"मग बघ. आम्ही थांबतो."

"आई, राहू दे ना."

"तू गप्प बस, आउस्दीस."

स्टेनथोर आत गेला. आधी स्वयंपाकघरातून, मग माडीवरून त्याचा आवाज आला, "कोणी आहे का?" नियमात एवढंच आहे. पण तो मागच्या दाराने बाहेर पडला आणि उतारावरून गोठ्याच्या जागेकडे चालू लागला. तिथे आता नुसती काळी वाळू आहे. तिच्या कडेला थांबून त्याने तोंडाभोवती हात धरले.

"हाफ्लिदी!"

आई काचेतून बघत राहिली.

तो परतला तेव्हा त्याचे बूट घोट्यापर्यंत काळे झाले होते.

"कोणी नाही, गुद्नी."

तिने मान डोलावली. पर्समधून फडकं काढून त्याच्या हातात दिलं.

"गाठ नीट मार," ती म्हणाली. "वारा आहे."