बंबाचं फोल्डर

ऑफिसात तिला सगळे बंब म्हणत. कुठे काही पेटलं की तिला हाक मारायची, असा तिथला शिरस्ताच होता, आणि त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज काही ना काही पेटतच असे. सुरुवातीला तिला या नावाचं कौतुक वाटलं होतं. आता कुणी "बंब आहे का जागेवर?" असं विचारलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

त्यात आता तिला सुट्टी हवी होती. तिचे बाबा दुसऱ्या शहरात, धाकट्या बहिणीकडे राहत. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि नंतर महिनाभर त्यांना उठवायला, बसवायला, चालवायला एकट्या धाकटीच्यानं होणार नव्हतं. मागे बाबा जिन्यात पडले तेव्हा सगळं धाकटीनंच निस्तरलं होतं. ही फोनवर "कामात आहे गं, नंतर करते" एवढंच म्हणत राहिली होती, आणि ते नंतर बहुतेक वेळा राहूनच गेलं होतं. या खेपेला तिनं बाबांना येण्याचा शब्द दिला होता. मॅनेजरनंही तिला एक शब्द दिला होता, पण त्याला शेपूट होतं: हाताखाली एक माणूस मिळू दे, मग महिनाभर खुशाल जा.

तो माणूस काही मिळत नव्हता. अर्ज ढिगानं येत. पहिली चाळणी एक सॉफ्टवेअर लावी. ते कुणाला का ठेवतं आणि कुणाला का उडवतं, हे ते विकत घेणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यातून उरलेल्यांशी भरती बघणारी मुलगी फोनवर बोले आणि त्यांची आवड, ध्येयं वगैरे विचारून घेई. शेवटची फेरी बंबाची, आणि ती यंदाच सुरू झाली होती. आपण उमेदवारांना पुस्तकी कोडी घालत नाही, खरं काम देतो, असं मॅनेजर मोठ्या अभिमानानं सांगे. उमेदवाराला एक कोरा लॅपटॉप द्यायचा, कंपनीचा खरा प्रोग्रॅम द्यायचा, आणि त्यात एक छोटीशी दुरुस्ती करायला सांगायची. दुरुस्ती अगदी किरकोळ होती. पण ती करण्याआधी प्रोग्रॅम लॅपटॉपवर सुरू व्हायला हवा, आणि तो सुरू कसा करायचा याच्या सूचनांचं एक लांबलचक पान होतं.

उमेदवारांचं घोडं त्या पानावरच अडत होतं. एकाला एसीत घाम फुटला. एकानं सगळं खापर इंटरनेटवर फोडलं. एक जण पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. बंब शेजारी हाताची घडी घालून बसे, कारण मदत करायची नाही असा नियम होता, आणि मग शेऱ्याच्या रकान्यात तेच वाक्य लिही: साधा प्रोग्रॅम सुरू करता येत नाही. संध्याकाळी बाबांचा फोन आला की त्यांच्यापुढे ती हाच पाढा वाचे. हल्ली माणसंच मिळत नाहीत हो बाबा, म्हणे. बाबा बिचारे म्हणत, मिळेल, मिळेल, तू जेवलीस का?

ऑपरेशन आठवड्यावर आलं तेव्हा एक बाई मुलाखतीला आली. जुळी मुलं झाल्यावर तिनं नोकरी सोडली होती. आता मुलं शाळेत रमली म्हणून परत कामाला लागू बघत होती. तिला ना घाम फुटला, ना तिनं कुणाला नावं ठेवली. स्क्रीनवरचा लाल मजकूर ती सावकाश वाचे, कागदावर काहीतरी टिपे आणि पुन्हा प्रयत्न करी. प्रोग्रॅम मात्र तिच्यानंही सुरू झाला नाही. वेळ संपल्यावर तिनं लॅपटॉप मिटला आणि विचारलं,

"मॅडम, हे पान वाचून तुमच्याकडे शेवटचं कुणी सुरू केलं होतं?"

"सगळ्यांनीच," बंब म्हणाली. तिला तो प्रश्न जरा आगाऊच वाटला. बाई गेल्यावर तिनं नेहमीचं वाक्य लिहिलं आणि नापासाचं बटण दाबलं.

पण प्रश्न काही पिच्छा सोडेना. चहाच्या वेळी तिनं शेजारच्या मुलाला सहज विचारलं, तू रुजू झालास तेव्हा हे कसं सुरू केलं होतंस? तो म्हणाला, तूच नाही का तुझं फोल्डर दिलंस? पलीकडच्या मुलीनंही तेच सांगितलं. अख्ख्या टीमनं तेच सांगितलं. नवा माणूस आला की बंब त्याच्याजवळ खुर्ची ओढायची, स्वतःच्या मशीनवरचं एक फोल्डर त्याला कॉपी करून द्यायची, आणि चहा येईपर्यंत त्याचं सगळं सुरळीत चालू व्हायचं. यात थोडा तिचा चांगुलपणा होता आणि बराचसा उतावळेपणा. तिला स्वतःला ते फोल्डर तिच्या आधीच्या माणसानं दिलं होतं, आणि तो कधीच नोकरी सोडून गेला होता.

मग तिनं तो कोरा लॅपटॉप घेतला आणि मुलाखतीच्या खोलीत जाऊन दार लावलं. पानावरची पहिली सूचना, दुसरी, तिसरी, आणि मग तोच लाल मजकूर. प्रोग्रॅमला एक जुना तुकडा हवा होता. तो आता त्या फोल्डरशिवाय कुठेच मिळत नव्हता, आणि पानावर त्याचा उल्लेखही नव्हता. तिनं नाना खटपटी केल्या. ऑफिस सुटायच्या वेळी तिलाही त्या पहिल्या उमेदवारासारखा घाम फुटला होता. तिला स्वतःचा भयंकर राग आला. सुट्टीसाठी माणूस हवा म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती, आणि दारात आलेली माणसं आपल्याच हातानं हाकलत होती.

दुसऱ्या दिवशी ती भरतीवाल्या मुलीकडे गेली. मुलगी म्हणाली, एकदा नापास झालेल्या उमेदवाराचा अर्ज वर्षभर पुन्हा उघडत नाही, सॉफ्टवेअरच तसं आहे. मग ती मॅनेजरकडे गेली. तो शांतपणे म्हणाला की पान दुरुस्त करून घेऊ, नवे उमेदवार बघू, एवढी घाई कसली? तिथे मात्र तिचा तोल सुटला.

"सर, त्या बाई नापास नाहीत. आपण नापास आहोत," ती म्हणाली. "आणि मला घाई आहे. माझ्या बाबांचं ऑपरेशन तुमच्या सॉफ्टवेअरसाठी थांबणार नाही."

मॅनेजरनं तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं मुलीला बोलावून घेतलं. मुलीनं स्वतःच बाईचा अर्ज दुसऱ्या ईमेलवरून भरला, आणि सॉफ्टवेअरला ती नवी कोरी उमेदवार वाटली. एवढ्यावर काम भागलं हे बघून बंबानं कपाळाला हात लावला. फोन मात्र तिनं स्वतः केला. काय घडलं ते सांगितलं, माफी मागितली आणि याल का म्हणून विचारलं.

"येते," बाई म्हणाली. "पण माझ्या पहिल्या दिवशी तुम्ही ऑफिसात नको."

"म्हणजे?"

"तुम्ही असलात तर मला ते फोल्डर द्याल. तुमच्यानं राहवणार नाही. मग पुढच्यालाही द्यावं लागेल, आणि तुम्ही जन्मभर तिथेच. मला सगळं पहिल्यापासून बसवू द्या. दोन दिवस लागले तर लागले."

बंबाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. सुट्टीचं तिनं सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही कुठे जाणार आहात का, असंही त्या बाईनं विचारलं नव्हतं.

बाई रुजू झाली त्या सकाळी बंब हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात बाबांचा दंड धरून उभी होती. बाबांच्या हातात वॉकर होता, पलीकडून धाकटी. मॅनेजरचा मेसेज येऊन पडला होता: नव्या बाईंचं अजून सुरू नाही, त्या म्हणतात थांबा, तू फोल्डर पाठवून दे बरं. लॅपटॉप पिशवीत होता. पाठवायचं म्हटलं तर हातासरशी झालं असतं. तिनं उत्तर दिलं नव्हतं, पण जीव सारखा तिकडेच ओढत होता.

बाबांनी एक पाऊल टाकलं आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा थांबले. त्यांनी सवयीनं आपला दंड तिच्या हातातून सोडवून घेतला.

"घे, घे," ते म्हणाले. "कामाचा असेल."

तिला एवढं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं. तिनं त्यांचा दंड पुन्हा धरला, घट्ट. फोन वाजतच राहिला. शेवटी धाकटीनंच हात लांब करून तो तिच्या खिशातून काढला, नाव वाचलं आणि कानाला लावला.

"ताई कामात आहे," ती म्हणाली. "नंतर करेल."

फोन तिनं स्वतःच्या पर्समध्ये टाकला, आणि बाबांनी दुसरा पाय उचलला.