देणाऱ्याचं नाव मागून

पडद्यावर पुन्हा तीच चूक दाखवणारी ओळ. भरती-ओहोटीचा हिशोब करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरला सापडली होती, पण तिच्यातलं काहीच तो घ्यायला तयार नव्हता. सेरेआनाच्या मस्तकात तिडीक गेली.

"तुमचा मित्र स्वतः सुटला, मला अडकवून गेला," ती फोनवर विलियामेला म्हणाली. विलियामे म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जोनेचा, सुवा शहरातल्या कचेरीतला सोबती. सकाळपासून तोच एकेक पायरी सांगत होता.

जोने वारल्यापासून दुखवटा म्हणून गावासमोरच्या खडकांवरची मासेमारी बंद होती. उद्या बंदी उठणार होती. बायका टोपल्या धुऊन बसल्या होत्या आणि ओहोटी कधी, म्हणून येऊन येऊन विचारत होत्या. फोनवर सुवा बंदराची वेळ मिळते, पण इथलं पाणी आपल्या मर्जीनं वागतं. तो फरक जोनेने वर्षानुवर्षं मोजून प्रोग्रामात घातला होता. त्याचा लॅपटॉप खाऱ्या हवेने खाल्ला. उरली ती त्याने लिहिलेली मूळ फाइल, आणि तिच्यावरून दुसऱ्या संगणकावर प्रोग्राम नव्याने बनवायला शाळेत कारकुनी केलेली सेरेआना.

विलियामेने तिला आज्ञेची ओळ वाचायला लावली. तिने ती धुसफुसतच वाचली. आधी लायब्ररीचं नाव, मग जोनेची फाइल.

"वहिनी, केरेकेरेला, नात्यात काही मागायला गेल्यावर आधी कोण बोलतं?"

"मागणारा. नातलगाने मागितल्याशिवाय कोण घरातलं काढून देईल?"

"मग इथे तुम्ही देणाऱ्याला आधी उभं केलंत. कुणी काही मागितलं नाही, तो गेला निघून. जोनेची फाइल मागायला आली, तर दारात कुणीच नाही. लायब्ररी शेवटी टाका."

एवढ्याशासाठी अख्खी सकाळ गेली होती. तिने नावांची अदलाबदल केली. पडद्यावर नुसती रिकामी ओळ आली.

"आता तर हा काही बोलतच नाही, भावजी."

"बोलला नाही म्हणजे काम झालं."

जोनेचंही असंच होतं. कालवण जमलं की खाली मान घालून जेवायचा, मीठ कमी पडलं तरच तोंड उघडायचा. संसारभर तिला त्याचा राग यायचा. आत्ताही आला, आणि डोळे भरले.

तिने प्रोग्राम चालवला. उद्याची ओहोटी सकाळी सव्वानऊला. ओसरीवरच्या जोनेच्या फळ्यावर तिने ती वेळ खडूने लिहिली. मग खिळ्यावरची स्वतःची टोपली काढली आणि धुवायला बसली.