वीस वर्षांनी उघडलेलं बूच

मित्रांनो, कॉफीची पोती आणि केळीचे घड वाहता वाहता म्हातारी झालेली मी एक जीप आहे. सत्तर वर्षांपूर्वी बोटीतून कोलंबियात उतरले आणि किंदिओच्या डोंगरांतच रमले. बारा पोती आणि मागे लटकलेली सहा माणसं घेऊन मी चढण चढायचे, तेव्हा लोक कौतुकाने माझ्या बॉनेटवर थाप मारायचे.

माझ्या पोटाखाली मात्र कुणी वाकून पाहत नसे. मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखी एक पेटी आहे. तिच्यात दातेरी चक्रं तेलात फिरतात. तेल भरायला वर एक बूच, सोडायला खाली दुसरं. वरचं बूच वीस वर्षं कुणी उघडलंच नव्हतं. ते गंजून घट्ट बसलं, तेल कमी होत गेलं आणि मी उतारावर कण्हू लागले.

माझे मालक एलिएसेर अडुसष्ट वर्षांचे विधुर. त्यांचं निवृत्त शिक्षिका ओफेलियाबाईंशी लग्न ठरलं. रविवारी बाईंचा सगळा संसार माझ्यावरून यायचा होता. शनिवारी सकाळी एलिएसेरनी मला मेकॅनिक नुबियाच्या गॅरेजात नेलं.

नुबियाने माझं कण्हणं ऐकलं. "काका, तेलाविना चाकं वाटेत अडकली तर बाईंचं कपाट दरीत जाईल."

"आणि मी?"

"तुम्ही कपाटाच्या मागोमाग."

एलिएसेरनी घाईघाईने खालच्या बुचाला पाना लावला. नुबियाने त्यांचा हात धरला. "आधी वरचं. तेल सोडून बसलात आणि वरचं उघडलंच नाही, तर नवं भरणार कुठून?"

तिने तारेच्या ब्रशने माती खरवडली, गंज सुटायचं तेल मारलं, एक कॉफी होईपर्यंत थांबली. पाना घसरला. कुणीतरी पूर्वी छिन्नी मारून बुचाच्या कडा गोल करून ठेवल्या होत्या. मग तिने बुचावरच एक नट वेल्ड केला आणि पान्याला लांब पाइप जोडला. दोघं घामाघूम झाली, बूच हलेना. मला धडकी भरली. आता मला भंगारात देणार का?

तेवढ्यात ओफेलियाबाई गरम आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, घेऊन आल्या. "लग्न माझ्याशी आहे की जीपशी?" असं म्हणत त्यांनीही पाइप धरला. तिघांनी मिळून जोर लावला.

टक्.

काय सांगू मित्रांनो, वीस वर्षांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. नुबियाने खालचं बूच काढलं, काळंकुट्ट तेल सांडू दिलं आणि ते बूच परत लावलं. मग वरच्या भोकातून ओघळेपर्यंत नवं तेल भरलं आणि नवं बूच बसलं.

रविवारी माझ्यावर पलंग, कपाट, शिलाई मशीन, चार कोंबड्या आणि फुलांच्या कुंड्या चढल्या. बाई पुढे बसून गात होत्या. उतारावर मी हूं की चूं केलं नाही.

आता दरवर्षी लग्नाच्या वाढदिवशी एलिएसेर माझ्याखाली सरपटत जाऊन वरचं बूच उघडतात, तेल बघतात आणि ओफेलियाबाई टॉर्च धरतात. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी असेल. ती धुवा, पुसा, पण कधीतरी तिच्या पोटाखालीही वाका. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आम्ही कण्हतो.