डाव्या बाजूचा जावई

पिल्लू आलं ते सामानासकट. एक वाटी, एक टॉवेल, एक शिट्टी, गळ्यातला पट्टा, खाण्याची भलीमोठी पिशवी आणि वर सूचनांचं एक जाडजूड पुस्तक. कापड बेतायच्या टेबलापाशी उभ्या राहून बाईंनी ते सगळं उलटंसुलटं करून पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, "लग्न होऊन या घरात आलीस, तेव्हा तूसुद्धा एवढा बाडबिस्तरा आणला नव्हतास."

सून हसली. सून हसली की बाईंना आधी संशय यायचा आणि मग राग.

खाली शिवणाचा कारखाना आणि वर घर. कारखाना म्हणजे चार मशिनी, काज-बटणं करणारी एक बाई, जिला सगळे काजवालीच म्हणत, आणि खिडकीलगत ते लांबलचक टेबल. टेबलावरची मोठी कात्री बाईंशिवाय कुणी उचलत नसे. मुलगा माल पोचवायचा, सून शिवण तपासायची, पण कापडाला पहिला घाव घालायचा तो बाईंनीच. शाळा चार इयत्तांच्या वर झाली नव्हती. पण पन्नास गणवेशांचं कापड नुसतं हातानं चाचपून त्या सांगत, हे एकोणपन्नासालाच पुरेल. आणि ते एकोणपन्नासालाच पुरे.

पिल्लाचं खूळ आलं ते कामातूनच. कुत्र्यांना तयार करणाऱ्या एका संस्थेनं चाळीस पिवळी जॅकेटं शिवायला दिली होती. "आता कुत्र्यांचे कपडे बेतायचे दिवस आले," म्हणत बाईंनी ती बेतली. सून ती पोचवायला गेली आणि परत आली ती फॉर्म भरूनच.

"कुणासाठी गं हे?" बाईंनी विचारलं.

"ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. आपण वर्षभर सांभाळायचं, माणसांत राहायला शिकवायचं. मग संस्था त्याला रस्त्याचं काम शिकवेल आणि कुणाला तरी देईल."

"कुणाला तरी म्हणजे कुणाला?"

"ते आत्ताच कसं सांगणार, आई?"

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती इथं.

कारण गेलं वर्षभर बाईंना डाव्या बाजूचं नीट दिसत नव्हतं. समोरचं लख्ख दिसायचं, सुईत दोरा एका झटक्यात जायचा, उजवीकडचीही काही तक्रार नव्हती. पण डावीकडे कुणीतरी राखाडी पडदा सोडल्यासारखं झालं होतं आणि तो पडदा महिन्यामहिन्याला आत सरकत होता. दाराची चौकट खांद्याला लागायची, स्टूल नडगीला लागायचं. बाई ओठ मिटून घ्यायच्या आणि वर स्टूल ठेवणाऱ्यालाच झाडायच्या. डॉक्टरकडे जाणं म्हणजे गावभर दवंडी. त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. निदान त्यांची तशी समजूत होती.

आणि नेमकं आता घरात आंधळ्याचं कुत्रं?

सुना कात्री कशी काढून घेतात ते बाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांनी स्वतः ती तशीच काढून घेतली होती. त्यांच्या सासूबाईंना दिसेनासं झालं, तेव्हा एका सकाळी बाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला, कात्री आपल्या हातात घेतली आणि साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "आई, तुम्ही आता आराम करा." सासूबाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. अकरा वर्षं त्या खिडकीशी बसून नुसता कात्रीचा आवाज ऐकत होत्या. शेवटपर्यंत एका शब्दानं बोलल्या नाहीत.

म्हणून बाई डोळ्यांत तेल घालून पाहू लागल्या, जेवढं दिसत होतं तेवढ्यात.

पिल्लाला घरानं नाव काय ठेवलं ते बाईंनी कधी तोंडात घेतलं नाही. त्या त्याला जावई म्हणत. "आयतं ताट हवं, रागवायचं नाही, पाहुणचारात कसर नको आणि जायच्या दिवशी आपणच रडायचं. जावई नाही तर काय!" काजवाली खो खो हसायची. जावई मात्र बाईंच्या पायाशीच येऊन पडायचा, टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर.

संशयाला खाद्य रोज मिळत होतं. एक दिवस टेबलावर नवा पांढरा दिवा लागला. "कशाला?" "असाच, आई, जुना मिणमिणत होता." मग सून फोनवर बोलताना आवाज खाली करायला लागली. एकदा बाईंच्या कानावर आलं, "डावी बाजू... हो, परत बघावी लागते... नाही, त्यांना काही म्हटलं नाही." बाईंनी हातातली पट्टी घट्ट धरली. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि ते त्यांच्याच पायाखाली मुरत होतं.

दर महिन्याला संस्थेची एक तपासणीवाली यायची. खांद्याला पिशवी, हातात वही. ती जावयाला बसवून, उठवून, चालवून बघायची आणि जाताजाता सगळ्यांकडे टक लावून बघायची.

"आजी, तुम्हीपण याला फिरवता का?"

"आजी कुणाची?" बाई फणकारल्या. "आणि मी कशाला फिरवू? मला कामं नाहीत?"

हे खोटं होतं. दुपारी सून माल तपासून पोचवायला मुलाबरोबर गेली की बाई पट्टा हातात घेत आणि गल्लीच्या टोकाच्या बटणवाल्याकडे जात. पहिल्यांदा गेल्या त्या पहारा ठेवायला. या जनावराला नक्की काय शिकवलंय ते एकटीनं बघायला. पट्टा डाव्या हातात धरायचा आणि कुत्रं डावीकडे चालवायचं, हा नियम त्यांनी सुनेचं बघून उचलला होता. पुस्तक त्यांनी उघडलं नव्हतं. बारीक अक्षरांशी त्यांचं कधीच पटलं नव्हतं.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी डावीकडून एक हातगाडी आली. बाईंना ती दिसलीच नाही. त्या गाडीला धडकल्या आणि त्यांचा पाय पडला जावयाच्या पंजावर. तो असा केकाटला की बटणवाला दुकानातून बाहेर आला. "लागलं का, बाई?" "मला कशाला लागेल? कुत्र्याला लागलं," बाई म्हणाल्या आणि खुरडत घरी आल्या.

त्यानंतर जावयानं स्वतःचीच एक अक्कल चालवली. डावीकडून काही आलं, खांब असो, सायकल असो, उघडं दार असो, की तो झटकन बाईंच्या गुडघ्यांसमोर आडवा उभा राहायचा. पंजा वाचवायचा म्हणून असेल. पण बाई थांबायच्या, हात पुढं करून चाचपायच्या आणि खरोखरच तिथं काहीतरी असायचं. मग खिशातला पावाचा कडक तुकडा त्याच्या तोंडात जायचा. "शहाणं माझं ते. घरात कुणाला सांगायचं नाही हं."

हातानं खाऊ घालायचा नाही, हे पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होतं.

अशा सात-आठ महिन्यांच्या दुपारी गेल्या. बाईंच्या नडगीवरचे डाग पुसले गेले. आणि एक दिवस तपासणीवाली आली ती कपाळाला आठी घालूनच.

सुनेनं जावयाला जॅकेट घातलं आणि कारखान्यातून चालवत नेलं. काजवालीच्या मशिनीपाशी तो टुणकन सुनेच्या गुडघ्यांसमोर आडवा झाला. सून पडता पडता वाचली. दाराशी पुन्हा तेच. स्टुलापाशी पुन्हा.

तपासणीवालीनं वही मिटली. "मागच्या खेपेला मला वाटलं, वयाचा खेळ आहे. आता हा दोषच झाला. अंध माणूस याच्यात पाय अडकून तोंडावर पडेल."

"मोडता नाही येणार सवय?" सुनेचा चेहरा उतरला.

"भित्री असतात काही. डावीकडून काही आलं की बिचकतात, माणसाच्या पुढ्यात लपतात. भीती एकदा बसली की निघत नाही. याला आम्ही पुढं नाही घेणार. हवा तर तुम्ही ठेवून घ्या, घरातला कुत्रा म्हणून."

टेबलापाशी बाईंची कात्री थांबली. मनात त्यांनी झर्रकन हिशोब मांडला. जावई घरीच राहणार. दुपार तशीच राहणार. पडदा तसाच झाकलेला राहणार. नुसतं गप्प बसायचं, बास. आणि हाच तर डाव नसेल सुनेचा? नापास करवून घ्यायचा आणि सासूच्या गळ्यात बांधायचा? तसं असलं तरी बाईंचंही आयतंच साधत होतं. मूग गिळून बसण्यासारखी दुसरी सोपी गोष्ट नव्हती.

पण कानात एकच शब्द टोचत होता.

"भित्रा कोण?" बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आजी, मी म्हणत होते..."

"ऐकलं मी, कान शाबूत आहेत माझे. माझ्या हाताखाली तयार झालेला भित्रा? या टेबलाखाली बसलेलं मांजरसुद्धा कधी भित्रं निघालं नाही. आण तो पट्टा इकडे."

"आई, तुम्ही नका..."

"तू बाजूला हो. काजवाले, तुझं स्टूल ठेव माझ्या डावीकडे. कुठं ते मला सांगू नकोस. आणि वाटेत ती खोक्यांची चळतपण लाव."

पट्टा डाव्या हातात घेऊन बाई ताठ चालू लागल्या. मान सरळ, नजर समोर. चार पावलांवर जावई आडवा झाला. बाई थांबल्या, हात पुढं केला आणि स्टुलाची कड त्यांच्या बोटांना लागली. त्या वळसा घालून पुढं गेल्या. खोक्यांपाशी पुन्हा तेच.

बाईंनी पावाचा तुकडा काढला आणि सगळ्यांदेखत जावयाला दिला.

"दिसत नाही मला त्या बाजूचं. दीड-दोन वर्षं झाली. या मुक्या जनावराला आठ दिवसांत कळलं. तुम्हा शहाण्यांना अजून कळलं नाही. आणि म्हणे भित्रा! लिहा, काय लिहायचं ते त्या वहीत."

तपासणीवालीनं वही उघडली खरी, पण लिहिलं काहीच नाही. ती खाली बसली आणि तिनं जावयाचं तोंड हातात धरलं. "भीतीनं करत असता तर गोष्ट वेगळी," ती हळूच म्हणाली. "कुणासाठी तरी करतोय, म्हणजे वळण लावता येईल. नुसतं थांब, आडवा होऊ नकोस, एवढंच शिकवायचं. घेऊ आम्ही याला. आणि आजी, तुम्ही याच आठवड्यात डोळे दाखवा."

"ते मी बघीन," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यानं त्यांना कसंसंच झालं.

डोळे दाखवून झाले. काचबिंदू. गेलं ते येणार नाही, उरलं ते थेंब घालून राखायचं. येताना गाडीत मुलगा आणि सून पावसापाण्याचं बोलत होते. बाई रस्ताभर एकाच वाक्याची वाट बघत होत्या. ते आलं नाही. तेव्हा सकाळी येणार, हे त्यांनी ओळखलं. असली कामं सकाळीच होतात, चहाबरोबर.

सकाळी बाई नेहमीपेक्षा तासभर आधी खाली आल्या. कात्री हातात घेऊन टेबलापाशी उभ्या राहिल्या. जावई चिंध्यांवर पसरला होता. महिन्याभरात जायचा होता, त्याला कुठली खबर असायला!

सून जिन्यावरून उतरली. हातात चहाचा कप होता.

"बोल," बाई म्हणाल्या. "पाठ केलंयस ते बोलून टाक."

सुनेनं कप ठेवला आणि कपाटातून कापडाचं एक गाठोडं काढून टेबलावर टाकलं. बाह्या, पाठी, पट्ट्या. सगळ्या डाव्या. कडा वाकड्या गेलेल्या. पिवळ्या जॅकेटांचे सहा तुकडे वेगळे बांधलेले.

बाईंनी पिवळे तुकडे मोजले. "हे कधीचं?"

"वर्षभराचं. मी रात्री परत बेतून घेत होते. दिवा लावला तो त्यासाठीच, दुसऱ्यांदा बेतताना मला दिसावं म्हणून. यांना फोनवर सांगत होते, तर म्हणाले, आईला विचार. मी म्हटलं, माझी काय बिशाद!"

"म्हणजे तुला ठाऊक होतं. आणि कुत्रं आणलंस."

"कुत्रं मला आवडलं म्हणून आणलं!" सून पहिल्यांदाच चिडली. "आणि ठाऊक कसलं, आई? मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय."

"मुद्दाम?"

"माझी परीक्षा बघायला. तपासताना माझ्या लक्षात येतं की नाही, ते बघायला. मी रात्रंदिवस घाबरून असायचे, एखादी बाही सुटली तर तुम्ही चारचौघांत माझी लाज काढाल म्हणून."

"चांगलं कापड मी मुद्दाम वाया घालवीन? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग काय समजायचं होतं मी? तुमची चूक होते, असं?"

काजवाली नुकतीच दारात आली होती, ती तिथंच थबकली. बाईंनी त्या गाठोड्यावरून हात फिरवला. सुनेनं परत बेतलेली एक बाही उचलून उजव्या बाजूला, उजेडात धरली. कड बोटानं तपासली. एकदा, मग पुन्हा. दोष काही सापडला नाही, हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

खिडकीशी एक रिकामी खुर्ची होती. अकरा वर्षं त्या खुर्चीत कोण बसलं होतं, ते या खोलीत फक्त बाईंना ठाऊक होतं. त्यांनी तिकडे पाहिलं आणि मान वळवली.

"डावी बाजू आजपासून तू बेत," त्या म्हणाल्या आणि कात्री टेबलावर मधोमध ठेवली. "उजवी माझी. माझी बघून मग तुझी करायची, आगाऊपणा नको. आणि त्या खुर्चीवर कापडाचे तागे ठेव. उगाच रिकामी पडलीय."

सुनेनं कात्री उचलली. पहिला घाव घालताना तिनं ती जरा तिरपी धरली, आणि बाईंनी ते बरोब्बर पाहिलं.

"अशी काय धरलीयस? दे इकडे," बाई म्हणाल्या. पण मागायला पुढं केलेला हात त्यांनी तसाच खाली नेला आणि टेबलाखाली जावयाच्या कानामागं खाजवत राहिल्या.