क्नूटचं विरजण

गुन्वोरने दिरावर डूख धरला होता, आणि का धरू नये? नवरा, क्नूट, गेला तेव्हा मर्तिकाची बिअर तिने एकटीने केली. बिअर आंबवायला क्नूटचंच विरजण टाकलं, पण पिंप गार पडलं, फसफसेना. नॉर्वेतल्या त्या व्होस गावात अशा वेळी विरजणाला कुणी कुणाला नाही म्हणत नाही, दावा मांडलेल्यालाही नाही. म्हणून ती थोरल्या दिराकडे गेली. ब्रिनयुल्वने तिला दारातूनच वाटेला लावलं.

"विरजण टाकताना पोटातून आरोळी ठोकावी लागते, तर बिअर चढते. तुझ्या चिरक्या आवाजाने काय होणार? क्नूटबरोबर त्या घरची बिअरही गेली म्हण."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण मेला मर्तिकात चार लोकांसमोर घोट घेऊन थुंकला. "पेज केलीय, पेज," म्हणाला.

लोक गेल्यावर तिने पिंपाला घोंगड्या गुंडाळल्या, आणि तेच पिंप उबेने उसळून आलं. तिने वरचा फेस, तेच पुढचं विरजण, लाकडी कड्यावर धरून माळ्यावर वाळवला. कडं क्नूटने स्वतः कोरलेलं. थोडं विरजण बरणीत भरून तळघरात ठेवलं. क्नूटच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

पुढे ब्रिनयुल्वच्या लेकीचं, ओसहिल्डचं लग्न ठरलं आणि तो टोपी हातात धरून दारात आला.

"बिअर नासली गं."

"वास कसला येतोय, भावोजी?"

"शिर्क्याचा."

"मग पिंप धुतलं नसेल नीट."

"जुनिपरचा पाला घालून उकळलेल्या पाण्याने घासलंय. विरजणच बिघडलंय माझं. तुझ्यातलं दे. आबांचंच आहे ना शेवटी, दोन्ही घरांतलं."

"बसा. कॉफी घ्या."

मागच्या खोलीत भाकरीची भट्टी नुकतीच विझवली होती, पण आत अजून हात धरवत नव्हता. गुन्वोरने माळ्यावरचं कडं काढलं आणि सरळ भट्टीत ठेवलं. त्याची कॉफी संपेपर्यंत ठेवलं. बाहेर काढलं तेव्हा दिसायला जसंच्या तसं, वरचं विरजण मात्र मेलेलं. गार करून तिने ते फडक्यात बांधून दिलं.

"कोमट असतानाच टाका. आणि आरोळी पोटातून, बरं का."

त्याची आरोळी खोऱ्यापलीकडून तिच्या ओट्यापर्यंत आली. ती पीठ मळता मळता हसली. क्नूट गेल्यापासून पहिल्यांदाच इतकं हसली.

पिंपात विरजण लागलं नाही, लग्नावर मात्र पडलं. मांडवात दुकानातल्या बाटल्या आल्या. व्याही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांच्याकडे घरची नसते वाटतं?" गुन्वोरने आपली बाटली चवीचवीने संपवली.

ख्रिसमसच्या तोंडावर ब्रिनयुल्व पुन्हा आला. बसला नाही.

"मी मारलं गं ते. गरम असतानाच टाकलं असणार. या हातांना आता कळत नाही."

ती टेबल पुसू लागली.

"आणि मर्तिकात मी जे बोललो..."

"बोला, भावोजी. ऐकतेय मी."

तिने त्याला एक शब्दही गाळू दिला नाही. थुंकल्याचंसुद्धा त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. शेवटी तो "चुकलो" म्हणाला, तेव्हा कुठे तिच्या जिवाला थंडावा मिळाला.

"थोडं पुन्हा दे," तो म्हणाला. "म्हणजे एका घरचं गेलं तरी दुसऱ्या घरी राहील. आबा तेवढ्यासाठीच दोघांना देऊन गेले."

या वेळी खरं द्यायचं, असं ठरवूनच ती तळघरात उतरली. बरणीचं झाकण उघडलं आणि शिर्क्याचा वास नाकात शिरला. तिने झाकण लावलं. पुन्हा उघडलं. बोट बुडवून जिभेवर ठेवलं, तर जीभ चरचरली.

"मिळालं का गं?" वरून ब्रिनयुल्वचा आवाज आला. "तुझं कडं परत आणलंय, इथे टेबलावर ठेवतो. क्नूटच्या हातचं आहे, जपून ठेव."