उसना उपास

अस्नाकेचला उपास झेपत नाही, हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. आधी पोटोबा, ही तिची पहिली प्रार्थना. फासिकाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधीचा मोठा उपास लागला, की डोंगरावरच्या घराघरांतून दूध, लोणी, अंडी, मांस हद्दपार व्हायचं आणि नेमकं तेव्हाच हिचं पित्त खवळायचं. एका वर्षी पित्त, एका वर्षी चक्कर, तर एका वर्षी चक्क गुडघा. गुडघ्याला दूध कशाला लागतं, असं चर्चच्या धर्मगुरूंनी, अब्बा तेसेमांनी, विचारलं होतं. देवापुढे वाकायचं तर गुडघा मजबूत नको का, म्हणून हिनं त्यांनाच गप्प केलं.

आणि तिच्याच घरात असली सून यावी! तिरुनेशला आठवा महिना लागला होता, पण पोट पाहून कुणी पाचवा महिनासुद्धा म्हटलं नसतं. मागचं बाळ मुठीएवढं जन्मलं आणि आठवड्याच्या आत गेलं. त्याला शालीत गुंडाळून नेणारे हात अस्नाकेचचेच होते. या खेपेला तिरुनेशनं मरियमला नवस बोलला होता, की हे बाळ जगू दे, मी मोठा उपास कडकडीत पाळीन. पोटुशीला उपास माफ असतो, खुद्द चर्चच सांगतं. पण नवस तो नवस.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर फांतायेनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि तोंडच उतरलं तिचं. अंगात रक्त नाही, बाळ वाढत नाही, रोज दूध, अंडं आणि दोन घास जास्तीचे खा, असं तिनं निक्षून सांगितलं. तिरुनेशनं शहाण्या मुलीसारखी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा इंजेराची कोरडी भाकरी आणि पातळ डाळ घेऊन बसली.

अस्नाकेचनं समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी बेसनाच्या कालवणात लोणी लपवलं. लोणी कधी लपतं का? पहिल्या घासाआधीच तिरुनेशनं ताट सरकवलं आणि रडायला लागली.

"आई, मरियमला फसवून तिच्याकडेच बाळ मागू?"

आणखी एक बाळ शालीत गुंडाळायची अस्नाकेचची छाती नव्हती. तिनं तडक चर्च गाठलं.

"अब्बा, नवस तिचा, पण फेडीन मी. तिचा उपास मला द्या."

अब्बा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. "तू? अगं, तुझा स्वतःचा एक उपास धड झाला नाही, आणि सुनेचा उसना घेतेस?"

"म्हणून तर मागते. माझे सगळे करायचे राहिलेत."

अब्बांचं हसू थांबलं. ते काठी टेकत घरी आले. मरियमसुद्धा आईच होती, तिला कळेल, असं त्यांनी तिरुनेशला सांगितलं. आजपासून उपासाचं ओझं सासूच्या डोक्यावर. मात्र सासूनं तो मोडला, तर नवस सुनेकडे परत.

झालं! मांजर दुधाच्या राखणीला बसलं, म्हणून गाव हसायला लागलं. गाय नुकतीच व्यालेली. अस्नाकेच धार काढायची, दूध तापवायची आणि तोंड फिरवून पेला सुनेपुढे धरायची. तिरुनेश आधी सासूच्या ओठांकडे बघायची आणि मगच प्यायची. रोज अंडं, रोज दूध. हळूहळू सुनेच्या गालांवर तजेला आला आणि सासूचा घागरा कमरेवरून घसरायला लागला.

एका बाजाराच्या दिवशी मात्र घात व्हायची वेळ आली. डोकं दुखतं म्हणून अस्नाकेचनं सगळ्या बायका लावतात तसं केसांना भरपूर लोणी चोपडलं होतं. वर ऊन रणरणतं, पाठीवर ज्वारीचं ओझं, दोन्ही हात दोरीला. लोणी वितळलं, कपाळावरून नाकावर आणि नाकावरून ओठावर आलं. हिनं ओठ घट्ट मिटले. वाटेत शेजारीण भेटली, हाका मारून थकली, पण ही बाई हूं की चूं करीना. अस्नाकेचची वाचा गेली, अशी बातमी तिच्याआधी गावात पोचली.

ती घरी गेलीच नाही. चर्चच्या दारात ओझं टाकून तोंड पुसलं आणि तिला रडूच फुटलं.

"जिभेला लागलं की काय, कळत नाही हो अब्बा. माझ्यामुळं त्या लेकराला काही झालं तर?"

"चव लागली का?"

"चव नाही. पण वास फार आला."

"वासाला उपास नसतो," अब्बा म्हणाले. "जा घरी. बरी चालली आहेस."

फासिकाला चार दिवस उरले असताना तिरुनेशला कळा सुरू झाल्या. शेजारच्यांनी तिला खाटेवर घालून आरोग्य केंद्रात नेलं आणि दुपारपर्यंत मुलगी झाली. सिस्टरनं बाळाला काट्यावर ठेवलं आणि हसून म्हणाली, चांगली भरली आहे पोर. बायकांनी आनंदानं अशी ललकारी ठोकली, की बाहेरची गाढवं बुजली. अस्नाकेचनं मात्र खाली बसून पोटभर रडून घेतलं.

मग तिनं केंद्रातल्याच चुलीवर बाळंतिणीसाठी जाडसर लापशी घोटली, मधोमध खळगा केला. त्यात पानात बांधून आणलेला ताज्या लोण्याचा गोळा सोडला. गावाची रीतच होती, बाळाच्या ओठाला पहिलं लोणी आजीनं लावायचं. तिनं बोट बुडवलं आणि बाळाकडे नेलं, तोच तिरुनेशनं तिचं मनगट धरलं.

"नको, आई. सिस्टर म्हणाली, पहिलं पिवळं दूधसुद्धा वाया घालवू नकोस, आणि सहा महिने नुसतं माझं दूध. पाणीसुद्धा नाही."

"सहा महिने? एवढीशी पोर, आणि सहा महिन्यांचा उपास?"

"आजीवर गेलीय," तिरुनेश म्हणाली.

खोलीतल्या बायका खो-खो हसल्या. अस्नाकेचचा चेहरा लाल झाला, पण हसू काही आवरेना. तिनं खळग्यातलं सगळं लोणी लापशीत कालवलं आणि पहिला घास सुनेच्या तोंडात भरवला. म्हणाली, तू खा, म्हणजे तिला आपोआप पोचेल.

तिचं बोट अजून लोण्यानं चमकत होतं. ते नकळत ओठांपाशी गेलं, तसं हसणं थांबलं. तिरुनेशसुद्धा घास चावायची थांबली.

अस्नाकेचनं एकदा बाळाकडे पाहिलं, आणि बोट केसांना पुसून टाकलं.