चार दिवस मी मिस्त्रीला बोलत होते

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कारखाना म्हणजे काय, नऊ शिलाई मशिनी, कापायचं एक टेबल आणि माझी खुर्ची. शाळांचे गणवेश शिवतो. कॉलर वाकडी बसली की मी समोरचीचा पार उद्धार करते, आणि चहा आला की विसरून जाते. माफी मात्र मी कधी कुणाची मागितली नव्हती. नवऱ्याचीसुद्धा नाही, आणि तो बिचारा वाट बघतच गेला.

मिस्त्रीला मी कधी पाहिलं नाही. फोनवर त्याचे मशीन दुरुस्तीचे व्हिडिओ असत, त्यात नुसते हात दिसायचे. तीन वर्षांपूर्वी आमची सगळ्यात जुनी मशीन टाके सोडायला लागली. इथला दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात घाला. मी सुनेकडून मिस्त्रीचा नंबर काढून घेतला आणि आवाज भरून पाठवला, की जगाला शिकवतोस ना, मग माझी मशीन नीट करून दाखव. त्याचं उत्तर आलं, "मालकीणबाई, फोन मशिनीजवळ धरा आणि पाय मारा." मी मारले. नुसत्या आवाजावरून त्याने सांगितलं की सुई उलटी बसवली आहे. ती मीच बसवली होती. कारखान्यात मी सांगितलं, मशीन आपोआप सुधारली.

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की आमचं बोलणं. माझी शाळा दोन इयत्तांची. अक्षर अक्षर लावून वाचते, पण फोनवरची ती मुंग्यांची रांग बघितली की डोकं उठतं. त्याला एकदा सांगून टाकलं, लिहायचं नाही, बोलायचं. तो तसाच वागला. बायकोशी भांडला की मला सांगायचा, आणि मी दर वेळी बायकोचीच बाजू घ्यायचे. तो म्हणायचा, तुम्ही दोघी एकमेकींना न भेटता माझ्यावर उठलाय.

मग लढाई लागली आणि त्याला फौजेतून बोलावणं आलं. पाना धरणाऱ्याला बंदूक कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, पानाच देणार आहेत, बंद पडलेल्या गाड्या चालू करायच्या. तिथूनही तीन-चार दिवसांनी आवाज यायचा, अर्धा मिनिट. मागे कसलातरी धडधडाट. "मालकीणबाई, मशिनी बऱ्या आहेत ना?" मी म्हणायचे, मशिनींचं सोड, तू जेवलास का.

पुढे नऊ दिवस काहीच नाही. दहाव्या दिवशी आलं ते लिहिलेलं, अख्खा पडदा भरून. मी पहिला शब्द लावला: मालकीणबाई. म्हणजे तोच. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि उतरल्याबरोबर राग आला. इतके दिवस जीव टांगणीला लावून आता हा कागदी घोडे नाचवतो! मनावर घेतलं असतं तर तासाभरात सगळं वाचून झालं असतं. सुनेला सांगितलं असतं तर दोन मिनिटांत. पण मला मोठा तोरा. मी बटण दाबलं आणि त्याला झाडला. लिहून काय पाठवतोस, तोंडाला काय झालं?

ऐकल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडला. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोची कीव केली, की कसल्या मुक्याशी गाठ पडली बाईची. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "एवढा मोठा साहेब झालास का, की म्हातारीशी बोलायला जीभ दुखते? का मेलास तिकडे?"

सून कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशिनीवर बसली होती. ती उठून आली. म्हणाली, आई, आणा इकडे, बघू काय लिहिलंय ते. तिने पहिला शब्द मोठ्याने वाचला आणि पुढचं मनातल्या मनात वाचू लागली. मी म्हटलं, मोठ्याने वाच, मी काय बहिरी आहे?

मग तिने वाचलं. ते त्याच्या बायकोने लिहिलं होतं. फोन त्याच्या सामानाबरोबर घरी आला होता, त्यात माझं नाव मालकीणबाई असं होतं. रस्त्यात गाडी बंद पडली होती. बाकीचे म्हणाले, सोड, चल. हा म्हणाला, दहा मिनिटं द्या. तो गाडीखाली असताना वरून बॉम्ब पडला. शेवटी तिने लिहिलं होतं, तुमच्याबद्दल फार बोलायचे.

बाकीच्या मशिनीही थांबल्या. काज-बटणवालीने विचारलं, कोण होता हो तुमचा? भाऊ म्हणावं तर नाही, मुलगा म्हणावं तर नाही. त्याचा चेहरासुद्धा मी पाहिला नव्हता. रडायचं तर कुठल्या हक्काने? आणि माझे ते चार दिवसांचे शब्द त्या घरात जाऊन पडले होते. नवरा गेलेल्या बाईच्या कानात मी 'का मेलास' म्हणून ओतलं होतं.

मी फोन घेऊन कापडाच्या गठ्ठ्यांमागे गेले. सून मागे आली, तिला घालवली नाही. बटण दाबलं, सोडलं, दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "बाई, मला वाचता येत नाही धड. चुकले मी. माफ कर."

थोड्या वेळाने तिचा आवाज आला. बारीक, बसलेला.

"माफी मागू नका. पहिल्या दिवशी मला राग आला होता. पण इथे सगळे त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलतात, होते, होते करून. तुम्ही एकट्याच त्यांच्यावर चिडत होता, ते असल्यासारख्या. सासूबाई रोज विचारतात, आज त्या बाई बोलल्या का. आज मी काय सांगू त्यांना?"

सून माझ्याकडे बघत होती. मी पदराने तोंड पुसलं, फोन तोंडाजवळ धरला.

"मिस्त्री, लोखंड होतं रे ते. सोडून द्यायची होतीस गाडी. सगळे चल म्हणत होते ना तुला? मग कुणाचंच कसं ऐकलं नाहीस? सोडून द्यायचं. उठून चालायला लागायचं."

पुढे बोलायचं होतं, पण सुनेने माझा अंगठा हळूच बटणावरून काढला, आणि बोलले तेवढं त्या घरी गेलं.